वासाचा रकाना

"मॅडम, सडक्या अंड्यासारखा म्हंजी नेमका कसा?"

प्रश्नात वावगं असं काही नव्हतं. शिरूरच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल कॉम्प्युटरवर चाललं होतं. निखतच्या पडद्यावर एक टेस्ट ट्यूब उभी होती, तिच्यात हिरवट पाण्यातून बुडबुडे वर येत होते आणि खालच्या चौकटीत लिहून आलं होतं की सडक्या अंड्यासारखा वास असलेला वायू बाहेर पडला. निखतसमोर जर्नल उघडं होतं. त्यात रंगाचा एक रकाना होता, वासाचा एक रकाना होता, आणि पानाच्या तळाशी अनुमानासाठी दोन कोऱ्या ओळी. एरवी पोरं चौकटीतलं वाक्य रकान्यात उतरवून घेत आणि पुढचं बटन दाबून मोकळी होत. चार वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. तो आता विचारला निखतनं, आणि निखतचा थोरला भाऊ इम्रान पाच आठवड्यांपूर्वी ह्याच वासात गुदमरून मेला होता. खोलीतल्या बाकी एकोणीस जणांना ते ठाऊक होतं. सगळ्यांचे माऊस जागच्या जागी थांबले आणि भिंतीवरच्या एसीची घरघर एकदम मोठी ऐकू यायला लागली. सविता ढमढेरे हजेरीच्या वहीवर वाकली होती, ती तशीच वाकून राहिली. पोरगी रडत असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोरीच्या पाठीवर हात ठेवता येतो, तिला पाणी आणून देता येतं, घरी पाठवता येतं. निखतचे डोळे कोरडे होते आणि पेन हातात होतं. तिला खरोखरच त्या रकान्यात काहीतरी लिहायचं होतं. "लिहून घे आत्ता, नंतर सांगते," सविता म्हणाली. "लिवलंय मॅडम," निखत म्हणाली, "पन कसा असतो?" ह्यावर सविता म्हणाली, "कळेल." आणि हा शब्द तोंडातून गेल्यावर तिला स्वतःची इतकी शरम वाटली की ती उठून खिडकीशी गेली. खिडकी उघडता येत नव्हती. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून चार वर्षांपूर्वी तिच्यावर प्लायवूड ठोकलं होतं, आणि ते ठोकताना खिळे हातात धरून सविताच उभी होती.

टेबलावरच्या तिच्या पर्समध्ये एक पत्र होतं. टाइप केलेलं, कॉलेजच्या शिक्क्याचं, सही तेवढी बाकी. प्राचार्यांनी सोमवारी दिलं होतं आणि आज गुरुवार होता. पत्रात दोनच ओळी होत्या. सदर विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातील सर्व प्रात्यक्षिके समाधानकारकरीत्या पूर्ण केली असून विषारी वायूंच्या हाताळणीचे शिक्षण त्यास देण्यात आले होते. "सही करून टाका मॅडम, त्यात खोटं काय आहे? सीडीवर आहे ना ते सगळं?" प्राचार्य म्हणाले होते, आणि मग जरा खालच्या आवाजात, "नाहीतर उद्या आपलं सगळं प्रॅक्टिकलच तपासायला येतील लोक." प्राचार्य वाईट माणूस नव्हता. त्याला पोरगी उजवायची होती आणि निवृत्तीला दीड वर्ष होतं. पत्र मागायला कोण आलं होतं, तर इम्रानचा बाप सत्तार. न्हावऱ्यात त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक त्याच्याकडे आणून टाकतात आणि तो दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसतो. स्टाफरूमच्या दाराशी चपला काढून तो आत आला तेव्हा त्याच्या नखांत वॉर्निश होतं. त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला आणि सविताच्या पुढं ठेवला. कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या ज्या कंपनीत इम्रान केमिस्ट होता, तिच्या चौकशीचा कागद. खालच्या ओळीत लिहिलं होतं, मयत कर्मचाऱ्याची हयगय.

"मॅडम, मी पैशाचं न्हाई म्हनत," सत्तार म्हणाला होता. "ते काय द्यायचं ते देतील, न्हाई देनार. मी ह्या शब्दाचं म्हन्तो. ते म्हनत्यात, शिकल्यालं पोरगं हाय, बीएस्सी झाल्यालं हाय, त्याला वास कळाय पायजे व्हता. गावात बी तेच बोलत्यात. तुमी येवढंच लिहून द्या, त्याला ते शिकवलं व्हतं का न्हाई. शिकवलं आसंल तर मी गप बसतो. मंग माझं पोरगं हयगयीनं गेलं आसं मी बी म्हनंन."

"प्राचार्यांना विचारून सांगते, सत्तारभाई," ती म्हणाली होती. तो उठला, दाराशी जाऊन परत वळला आणि म्हणाला, "तुमचं लय नाव घ्यायचा तो."

चौकशीच्या त्या कागदात एका हेल्परचा जबाब होता. बिहारकडचा कुणी माणूस, पाच ओळींचा जबाब. सविता तो कागद एकदाच वाचून गेली होती, पण त्या पाच ओळी आता तिला पाठ होत्या. भांडी घासताना, बसमध्ये, भाजीवाल्याशी बोलताना, कुठंही त्या येऊन उभ्या राहत. कंपनीच्या घाण पाण्याच्या हौदातून रोज बाटलीत नमुना घ्यावा लागे. बाटली दोरीला बांधून सोडायची. त्या दिवशी दोरी अडकली. इम्रान लोखंडी शिडीवरून चार पायऱ्या खाली उतरला. हेल्परनं वरून विचारलं, साब, बास आ रही है क्या? साहेब म्हणाले, काही नाही रे, आमच्या गावाकडं मळीचा येतो तसाच आहे. मग थोड्या वेळानं साहेब खालून म्हणाले, अब तो बास भी चली गई. आणि आणखी दोन पायऱ्या उतरले. जबाब इथं संपतो. पुढं काय झालं ते सांगायला साहेब उरले नाहीत.

मळीचा वास. ह्या भागातल्या माणसाला तो काही सांगावा लागत नाही. दिवाळी झाली की साखर कारखान्याचा भोंगा होतो आणि तेव्हापासून होळीपर्यंत हवेत तो वास असतो. नव्या पाहुण्याला मळमळतं; घरच्या माणसाला तो येतच नाही. सविता लग्न होऊन इकडं आली तेव्हा पहिला महिना तिनं नाकाला पदर लावून काढला आणि सासू हसली होती. नंतर तिलाही तो यायचा बंद झाला. पण त्या काळात तिच्याकडं दुसरं नाक होतं, शिकवायचं नाक. प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीत, पाण्याच्या टाकीला लागून, किपचं उपकरण असायचं. काचेचे तीन फुगे एकावर एक. मधल्या फुग्यात कोळशासारखे काळे खडे टाकायचे, वरून पातळ ॲसिड ओतायचं, तोटी उघडली की वायू. हायड्रोजन सल्फाइड. पोरं त्याला किपचा वास म्हणत. दरवर्षी नोव्हेंबरात कुणीतरी शहाणा हटकून म्हणायचा, "मॅडम, हा तर मळीचाच वास हाय की!" आणि सविता दरवर्षी ह्याच वाक्याची वाट बघत असायची. मग ती सगळ्यांना आधी पडवीच्या टोकाला, कारखान्याकडून येणाऱ्या वाऱ्यात उभं करी. डोळे मिटायला लावी. मग एकेकाला किपपाशी आणी. "नळीला नाक लावायचं नाही. हातानं वारा ओढून घ्यायचा. आता सांगा. मळीच्या वासात गूळ लपलेला असतो. ह्यात आहे का गूळ?" पोरं दोनदा, चारदा जात आणि पाचव्यांदा एखाद्याचा चेहरा बदले. कळलं की कळतंच ते, पुन्हा विसरत नाही. मग ती शेवटचं सांगायची. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. तिच्या सरांनी तिला सांगितलं होतं. वास येतोय तोवर तुम्हाला पळायला वेळ आहे. वास एकाएकी थांबला तर वायू गेला असं समजू नका, तुमचं नाक गेलं असं समजा, आणि पहिलं बाहेर या. पोरं हसत. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एकमेकांना म्हणत, अरे वास थांबला, पळ. थट्टेवारी नेलेली गोष्ट डोक्यात चांगली बसते, हे तिला माहीत होतं. म्हणून ती त्यांना हसू द्यायची.

हे सगळं सन दोन हजारच्या जूनमध्ये संपलं, आणि कुणी जबरदस्ती केली म्हणून संपलं नाही. संस्थेनं वीस कॉम्प्युटर दिले. निम्म्या प्रयोगशाळेत पार्टिशन टाकून ते मांडले, एसी बसवला, फीत कापली. पुण्याहून सीडी आली. तिच्यात एकशे चाळीस प्रयोग. कॉम्प्युटर बसवायला आलेल्या पोरसवदा इंजिनिअरनं नाक वर करून हुंगलं आणि म्हणाला, "मॅडम, हा गॅस इथं चालणार नाही. सर्किटमधलं तांबं काळं पडतं ह्यानं. सहा महिन्यांत मशीन जातील." तेव्हा सविता त्याच्यावर खूश झाली होती; बघा, पोराला केमिस्ट्री येते! किपचं उपकरण तिनंच पोपटमामांना गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकायला सांगितलं. पोपटमामा प्रयोगशाळेचे शिपाई, तिच्याही आधीपासूनचे. ते उपकरण उचलताना नुसतंच म्हणाले, "मशीनच्या जिवाला लागतंय व्हय." तिला तो टोमणा वाटला आणि तिनं दुर्लक्ष केलं. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं झालं होतं. वीस वर्षं साड्यांना भोकं पडली होती. बाटल्यांची तीच तीच रड, फुटलेल्या ब्युरेटची रड, इनामगावकडची एसटी चुकली म्हणून प्रॅक्टिकल बुडालेल्या पोरांची रड. आता चुकलेलं पोर येऊन कुठल्याही दिवशी प्रयोग करू शकत होतं. ॲसिडच्या भीतीनं सायन्स न घेणाऱ्या मुली येऊ लागल्या. एकाच पोरानं एका तासात आठ सॉल्ट ओळखावेत, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. प्रॅक्टिकलच्या गुणांची सरासरी एकोणीसवरून सव्वीसवर गेली. तिनं त्यावर एक निबंध लिहिला, तक्ते काढले, पुण्याच्या परिसंवादात वाचला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॉम्प्युटरमुळे विद्यार्थ्यांच्या आकलनावर होणारा परिणाम. त्या तक्त्यांत वासाचा रकाना नव्हता, कारण वासाची सरासरी कशी काढणार?

आणि त्या सीडीची एक गंमत होती. तेव्हा तरी ती गंमतच वाटायची. तिच्यात चूक करताच येत नसे. ॲसिडात पाणी ओतायला जावं तर पाण्याची बाटली करड्या रंगाची होऊन बसे, उचललीच जात नसे. योग्य बाटली तेवढी रंगीत. पोरं विचार करायची सोडून रंग शोधत. रंगीत दिसेल ते उचला, दाबा, पुढं चला. जे धोक्याचं आहे ते करताच येणार नाही, ही सवय एकशे चाळीस प्रयोगांत किती खोल गेली असेल? ह्या पोरांना घडवणाऱ्या बाईनं हा प्रश्न स्वतःला पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत विचारला नव्हता. ज्या हौदावर पोरगं उभं होतं त्याची शिडी करड्या रंगाची झाली नाही. ती तशीच लोखंडाची राहिली आणि तो उतरला.

इम्रान त्या खोलीतला सगळ्यात वेगवान. बोटांत बापाचा हात होता त्याच्या. सत्तार तार गुंडाळताना बोटं दिसत नाहीत म्हणतात, तसा हा माऊस फिरवायचा. अवघड सॉल्टवर पोरं अडली की ती त्याच्या खुर्चीमागं जमत आणि तो मागं न बघता उत्तर सांगे. शेवटच्या वर्षी तिनं त्याला तीसपैकी तीस दिले. वीस वर्षांत तिनं कुणालाच पैकीच्या पैकी दिले नव्हते. हातात काचेची नळी असेल तर कुठं ना कुठं थेंब सांडतोच, आणि त्या थेंबाचा एक मार्क ती कापून घेई. कॉम्प्युटरवर थेंब सांडत नाही. मग कशाचा कापणार? कुरकुंभला जागा निघाली तेव्हा तिनं स्वतःच्या हस्ताक्षरात शिफारस लिहून दिली. प्रयोगशाळेतील कामात अत्यंत कुशल व सावध. 'सावध' हा शब्द वाक्य गोल व्हावं म्हणून घातला होता. ह्या एका शब्दानं आता तिची झोप उडवली होती.

नोव्हेंबरच्या शेवटी, ईदच्या दुसऱ्या दिवशी, तो तिच्या घरी आला होता. स्टीलच्या डब्यात शीरखुर्मा. ही आठवण सविता येऊ देत नसे. डब्यापर्यंत येई आणि तिथून मागं फिरे. पण आज त्या ठोकलेल्या खिडकीशी उभं राहिल्यावर मागं फिरायला जागाच उरली नाही. तो सोफ्यावर बसला. जाड झाला होता थोडा. खोलीत एक वास आला. उग्र नव्हे, शिळा. इम्रानबरोबरच तो आत आला, तिनं शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली, उठली, खिडकी उघडली आणि म्हणाली, "कारखाना जोरात दिसतोय यंदा." तो हसला. "व्हय मॅडम, कपड्यातच बसलाय तो." डोकं दुखतं म्हणाला अधूनमधून. ती म्हणाली, चष्म्याचा नंबर काढून घे. मग त्याच्या बोटातल्या अंगठीवरून तिनं काहीतरी चेष्टा केली, तो लाजला, आणि रिकामा डबा घेऊन मोटरसायकलवर बसून गेला. तिच्या घरात, तिच्या सोफ्यावर, तिच्या नाकापासून तीन हातांवर तो वास बसला होता. गूळ नव्हता त्यात. वीस वर्षं ज्या नाकानं पोरांना वेगळं करायला शिकवलं, त्या नाकानं खिडकी उघडली. चार वर्षं ते नाक एसीत बसून होतं. इम्रानला वास ओळखता आला नाही ह्याचं एक वेळ काही उत्तर देता येईल. तिला का ओळखता आला नाही?

तास संपल्याची घंटा झाली. पोरांनी कॉम्प्युटर बंद केले, चपला घातल्या आणि जिवावरचं सुटल्यासारखी भराभर बाहेर पडली. निखत जर्नल पिशवीत भरत होती. "थांब," सविता म्हणाली. "तुझी एसटी किती वाजता आहे?"

"साडेपाचची बी घावती."

सविता पोपटमामांच्या स्टुलापाशी गेली. ते खुर्च्या मोजत होते. "मामा, माळ्यावरचं किप काढा."

पोपटमामांनी तिच्याकडं आणि मग दारातल्या पोरीकडं पाहिलं. "त्याची तोटी कवाच बसलीया मॅडम. खडं हायती डब्यात. नळीत करून देऊ का?"

"नळीतच. पण बाहेर. मागच्या पडवीत."

"मशीनला..."

"मशीन मरू द्या," सविता म्हणाली.

पडवीत पाण्याच्या टाकीला शेवाळ आलं होतं. मोडकी बाकं एकावर एक रचून ठेवली होती. त्यांतलं एक पोपटमामांनी ओढून सरळ केलं आणि त्यावर स्टँड ठेवला. चार वाजून गेले होते. ऊन तिरकं होतं आणि वारा तेवढा होता, कारखान्याकडूनच. सवितानं निखतला टोकाला उभं केलं. "डोळे मीट. आता काय येतंय?" "मळी," पोरीनं क्षणात सांगितलं. "नीट घे. काय काय आहे तिच्यात?" निखतनं दोनतीन वेळा श्वास ओढला. "गुळासारखं कायतरी... आन् भिजल्याल्या चिपाडासारखं." किती वर्षांनी कुणीतरी तिला वास सांगत होतं! पोपटमामांनी खडा नळीत टाकला. सवितानं स्वतः ॲसिड ओतलं. एक थेंब बाकावर सांडला. खड्यावर बुडबुडे धरले. तिनं निखतला वाऱ्याच्या वरच्या अंगाला घेतलं. "नाक लावायचं नाही. हातानं ओढून घ्यायचा. थोडाच."

निखतनं तळहातानं वारा ओढला. एकदा, दोनदा. मग पुढं वाकली, आणि सविता तिचा खांदा धरणार तोच तिच्या गळ्यातला काळा दोरा ओढणीतून सुटून बाहेर लोंबला. दोऱ्याला एक चांदीची अंगठी होती, लख्ख पांढरी, नुकती उजळलेली. ती नळीच्या तोंडाशी झुलायला लागली. सवितानं ती ओळखली. तिच्या डोळ्यांदेखत अंगठीवर आधी पिवळी झाक आली, मग तांबूस, मग कडेनं काळं चढत गेलं. हे कुणी तिला सांगायला नको होतं. चांदी आणि हा वायू. बारावीच्या पुस्तकातली एक ओळ.

निखतनं दोरा हातात धरून वर उचलला आणि अंगठीकडं बघत राहिली. "हा वास तर आमच्या घरात व्हता," ती म्हणाली. "भाईच्या शर्टाला. अम्मी दोनदोनदा साबन लावायची. आमी म्हनायचो, मळी." अंगठ्यानं तिनं काळं पुसायचा प्रयत्न केला, ते गेलं नाही. "ही तशीच व्हायची. दर आठवड्याला. अम्मी राखंनं घासायची, भाई जायचा, आला की परत काळी. दादीची हाय ही. मंग ईदंला भाई म्हनला, चांदी खोटी हाय. सोनारानं उजळायला घेतली तवा बदलली आसंल. अम्मी सोनाराच्या दारात जाऊन भांडली. सगळ्या पेठंत. तो कुरान आना म्हनला, मी हात ठिवतो, चांदी खरी हाय. अम्मी म्हनली, आमच्या पोराला त्याच्या मॅडमनी सांगितलंय. त्या केमिस्ट्रीच्या हायत."

चेष्टा केली होती सवितानं. "सोनारानं फसवलं रे तुला, चांदी खोटी आहे ही," असं ती शीरखुर्मा खाताखाता म्हणाली होती. हसत. आणि त्या घरातले चौघं हसले नव्हते. त्यांनी ते घरी नेलं, त्याच्यावर विश्वास ठेवला, सोनाराशी वैर घेतलं. त्या घरातला वास तिनं मळी केला होता आणि त्या घरातली चांदी तिनं खोटी केली होती, आणि दोन्ही खुणा अशा पुसून झाल्यावर पोरगं महिनाभर आणखी त्या हौदावर गेलं.

"आता वास येत न्हाई मॅडम," निखत म्हणाली.

सवितानं तिचं मनगट पकडलं आणि तिला पडवीच्या पायऱ्यांवरून अक्षरशः फरफटत खाली नेलं. एक पायरी चुकली, निखतची चप्पल तुटली, पिशवी वाटेत पडली. लिंबाच्या झाडापर्यंत जाईस्तोवर तिनं मागं पाहिलं नाही. पोपटमामा वरून ओरडत होते, "अवो मॅडम, ती नळीच थांबलीय! खडा संपला त्यातला!" तिला ऐकू येत होतं, तरी मनगट सुटेना. "वास थांबला की पळायचं," ती पोरीला सांगत होती, "ऐकतेस का, वास थांबला की पहिलं पळायचं, मागचं सगळं टाकून पळायचं." निखत तिच्या तोंडाकडं बघत होती.

"हे भाईला सांगितलं व्हतं का?"

"नाही."

"कुनालाच?"

"तुझ्या भावाच्या वर्गापासून पुढं कुणालाच नाही."

निखतनं मनगट सोडवून घेतलं. अनवाणी पायानं जाऊन पिशवी उचलून आणली, लिंबाच्या पारावर बसली आणि जर्नल काढलं. आजचंच पान. वासाच्या रकान्यातलं सडकं अंडं तिनं एका रेघेनं खोडलं आणि वर लिहिलं, भाईच्या शर्टासारखा. त्याच्या पुढं निरीक्षणात लिहिलं, चांदी काळी पडली. अक्षर सरळ होतं. मग तिनं पान फिरवून सवितापुढं धरलं.

"खालचं अनुमान तुमी लिवा," ती म्हणाली. "अब्बांना तुमच्या हातचं पायजे."

सविता पारावर बसली. पर्समधलं पत्र काढून तिनं त्याच्या चार घड्या केल्या आणि हात टेकायला जर्नलाखाली घेतलं. मग त्या दोन कोऱ्या ओळींत लिहिलं: चांदी खरी होती. नोव्हेंबरच्या शेवटी मी ती काळी पाहिली आणि ओळखली नाही. इम्रान सत्तार शेख ह्याला हा वायू कधी दाखवला नव्हता. त्याची हयगय नाही. ओळी पुरल्या नाहीत, शेवटचे शब्द समासात गेले. शिक्षकाची स्वाक्षरी जिथं असते तिथं तिनं पूर्ण नाव घालून सही केली आणि तारीख टाकली.

निखतनं ते दोनदा वाचलं. शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून ठेवलं, मग जर्नल मिटून छातीशी घेतलं आणि तुटकी चप्पल हातात धरून एसटी स्टँडकडं निघाली. सविताकडं तिनं वळून पाहिलं नाही. वाऱ्यावर पुन्हा मळीचा वास आला. त्यात गूळ होता.